रबाळ्याच्या गोदामात नऊ राउटर, तरी स्कॅनर अडकतात: दुरुस्ती कुठून सुरू करायची

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत आमचं वितरणाचं गोदाम आहे. साधारण १४ हजार चौरस फूट, म्हणजे ५२ बाय २५ मीटर. पत्र्याचं छत १० मीटरवर, साडेसात मीटर उंच रॅकच्या सहा ओळी आणि त्यांच्यामध्ये पाच गल्ल्या. माल मुख्यतः शाम्पू, फिनाइल, हात धुण्याचा द्रव साबण. हातात धरायचे १२ अँड्रॉइड स्कॅनर, पोटमाळ्यावर २५ जणांचं ऑफिस. आधी चार राउटर होते, तक्रारी येत गेल्या तसे नऊ केले. आता गल्ली बदलली की स्कॅनरमधलं ॲप थेट लॉगिनच्या पानावर परत येतं. ऑफिसात मोबाइलला रेंज नाही. नवीन काय घ्यावं? फायबर काढून ५जी राउटर लावावा का? रेंजसाठी बूस्टर बसवावा का?

उत्तर:

आधी एक आठवडा काहीही विकत घेऊ नका. तुम्ही जे लक्षण सांगितलंय, त्यावरून पहिला संशय रेंजवर जात नाही, जोडणीवर जातो. रेंज कमी असली की स्कॅन सावकाश होतो, गोल चक्र फिरत राहतं, पण ॲप सहसा लॉगिनवर परत जात नाही. लॉगिनवर परत जातं तेव्हा बहुतेक वेळा स्कॅनरचा आयपी पत्ता बदललेला असतो आणि सर्व्हरला तो नवा, अनोळखी गडी वाटतो.

हे पाच मिनिटांत तपासता येतं. एक स्कॅनर घ्या, पहिल्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहा, सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर बोट ठेवून आयपी पत्ता बघा आणि कागदावर लिहा. मग शेवटच्या गल्लीच्या टोकाला जाऊन पुन्हा बघा. एकीकडे १९२.१६८.०.२३ आणि दुसरीकडे १९२.१६८.१.१०७ असं काही दिसलं, तर दुखणं सापडलं. घरगुती राउटर एकामागून एक जोडताना केबल निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या 'वॅन' पोर्टात खोचली, की तो राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो आणि स्वतःच पत्ते वाटायला लागतो. असे नऊ लावले म्हणजे एका छताखाली नऊ वेगळी गावं झाली. नाव आणि पासवर्ड सगळीकडे एकच असल्यामुळे स्कॅनरला वाटतं आपण त्याच घरात आहोत. तो बिनधास्त एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि तिथे त्याचा पत्ताच बदलतो.

तात्पुरता इलाज फुकटात होतो. मुख्य राउटर सोडून बाकी आठांमध्ये 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' असेल (म्हणजे राउटर स्वतःचं नेटवर्क न बनवता फक्त वायफाय पसरवतो) तर तो चालू करा. नसेल तर प्रत्येकाला १९२.१६८.०.२४१, २४२ असा वेगळा स्थिर पत्ता द्या, पत्ते वाटण्याचं काम, म्हणजे डीएचसीपी, बंद करा आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात लावा. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी बंद करण्याआधी केबल लॅनमध्ये गेली तर दोन वाटपी एकाच नेटवर्कात पत्ते वाटतील आणि ऑफिसचे संगणकही गोंधळात पडतील. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सगळीकडे अक्षरशः सारखा हवा. एका राउटरवर डब्ल्यूपीए२ आणि दुसऱ्यावर डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ मिश्र असेल तर काही जुने स्कॅनर तिथेच अडखळतात.

एवढ्याने अर्ध्याहून जास्त त्रास गेला तरी उरलेला राहीलच, कारण नऊ राउटर एकमेकांच्या बोलण्यात बोलतायत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न भिडणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका चॅनेलवर असलेल्या सगळ्या उपकरणांना आळीपाळीने बोलावं लागतं, मग ती तुमची असोत की शेजारच्या गाळ्यातली. त्यात प्रत्येक राउटर प्रत्येक वायफाय नावासाठी सेकंदाला साधारण दहा वेळा 'मी इथे आहे' अशी हाळी देतो. मूळ सेटिंगमध्ये ही हाळी १ एमबीपीएस या सर्वांत संथ वेगाने जाते आणि एकेका हाळीला दोन मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. आता हिशोब करा. नऊ राउटर, ऑफिस, स्कॅनर आणि पाहुणे अशी प्रत्येकावर तीन नावं धरली, म्हणजे २७ हाळ्या. तीन चॅनेलवर वाटल्या तर प्रत्येक चॅनेलवर नऊ. सेकंदातले सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे पाचवा हिस्सा वेळ, एकही स्कॅन न होता नुसत्या हाळीत जातो. शेजाऱ्यांच्या हाळ्या यात धरलेल्या नाहीत. चार राउटरचे नऊ केल्यावर त्रास वाढला तो यामुळेही.

त्याच कारणाने जुने संथ वेग बंद करणं हे या सगळ्यातलं सर्वांत मोठं काम करणारं आणि सर्वांत दुर्लक्षित सेटिंग आहे. १५०० बाइटचं एक पाकीट १ एमबीपीएसने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, २४ एमबीपीएसने अर्धा मिलिसेकंद. लांबवर चिकटून बसलेला एकच स्कॅनर १ एमबीपीएसने बोलत राहिला तर तो बाकी अकरांचा वेळ खातो. व्यावसायिक अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये 'किमान वेग' ठरवता येतो. तो १२ एमबीपीएस ठेवला की १, २, ५.५ आणि ११ आपोआप जातात, आणि रेंजच्या काठावर लोंबकळणारा स्कॅनर जवळचा पॉइंट शोधायला निघतो. घरगुती राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते. तुम्हाला पुढेमागे सामान बदलावं लागेल त्याचं खरं कारण हे आहे, जाहिरातीतला गिगाबिटचा आकडा नाही.

गोदामाचं वायफाय कोणासाठी लावायचं, हे ठरलं की बाकीचे निर्णय सोपे होतात. ते लॅपटॉपसाठी नाही, मालकाच्या नव्या फोनसाठी नाही. ते सर्वांत जुन्या, सर्वांत अशक्त स्कॅनरसाठी लावायचं. कोणत्या पॉइंटला चिकटायचं आणि कधी सोडायचं हा निर्णय स्कॅनर घेतो, राउटर नाही. आणि स्कॅनरचा आवाज लहान असतो. राउटर पूर्ण ताकदीने २३ डीबीएमवर (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप) ओरडत असेल आणि स्कॅनर १४-१५ डीबीएमने उत्तर देत असेल, तर स्कॅनरवर रेंजच्या काड्या भरपूर दिसतात पण त्याचं बोलणं राउटरपर्यंत पोचत नाही. 'रेंज फुल आहे पण चालत नाही' ही तक्रार ऐकली की आधी राउटरची ताकद कमी करून बघा. गोदामात १२ ते १५ डीबीएम पुरे.

आता मांडणी. तुमचा माल पाण्यासारखा आहे आणि रॅक लोखंडाचे. पाणी लहरी शोषतं, लोखंड परतवतं. भरलेल्या रॅकच्या पलीकडच्या गल्लीत सिग्नल पोचेल हे गृहीतच धरू नका. प्रत्येक गल्ली म्हणजे वेगळी खोली समजा. छताच्या मधोमध गोल, घुमटासारखे पॉइंट लावायची पद्धत ऑफिससाठी ठीक आहे. १० मीटरवर लावलेला तसा पॉइंट आपली बरीचशी ताकद आडवी, रॅकच्या डोक्यावरून फेकतो. खाली वाकून तळाच्या कप्प्यातलं खोकं स्कॅन करणाऱ्याला उरलंसुरलं मिळतं, आणि दोन गल्ल्या पलीकडच्या पॉइंटला मात्र तो मोठ्याने ऐकू येतो.

तुमच्या गोदामाला मी असं सुचवेन: पाच गल्ल्यांना पाच पॉइंट, गल्लीच्या टोकाच्या भिंतीवर साडेचार मीटर उंचीवर, प्रत्येकाला ८ डीबीआयचा, म्हणजे एका दिशेला ताकद ८ डीबीने वाढवणारा, दिशादर्शक पॅच अँटेना, गल्लीच्या लांबीकडे तोंड, १० ते १५ अंश खाली कललेला. एक, तीन, पाच या गल्ल्यांचे पूर्वेच्या भिंतीवर असतील तर दोन आणि चारचे पश्चिमेच्या. लोडिंग डॉकला एक, ऑफिसला दोन. एकूण आठ, म्हणजे आत्तापेक्षा एक कमी. गल्ली साधारण ४२ मीटर धरली तर ५ गिगाहर्ट्झवर मोकळ्या हवेत सुमारे ८० डीबी गळती होते. १४ डीबीएम अधिक अँटेनाचे ८ मिळून २२. त्यातून ८० वजा केले की दुसऱ्या टोकाला उणे ५८ डीबीएम. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. मधे उभ्या माणसाचं अंग, पॅलेट, फोर्कलिफ्ट यांचे सहा-सात डीबी आणखी जातील. उणे ६५ च्या आसपास राहायला हवं. स्कॅनरसाठी उणे ६७ ही माझी खालची हद्द आहे. त्याच्या खाली गेलेली जागा नकाशावर लाल रंगवायची.

साडेचार मीटरच का? त्याहून खाली फोर्कलिफ्टचा मास्ट आणि पॅलेटवरची उंच रास लागते. त्याहून वर उष्णता. घरात लावायच्या बऱ्याच पॉइंटची मर्यादा ४० ते ५० अंशांची असते आणि मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या लगत तापमान त्याच्याही वर जातं. मग दुपारी दोन ते चार पॉइंट आपोआप बंद-चालू होतात, संध्याकाळी सगळं सुरळीत, आणि दोष इंटरनेट कंपनीच्या माथी. विकत घेताना कागदावर कार्य-तापमान वाचा. ५५ किंवा त्याहून जास्त लिहिलेला मिळाला तर गोदामासाठी तो घ्या.

स्कॅनर ५ गिगाहर्ट्झवरच ठेवा. भारतात ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेपासून या पट्ट्यातले एकूण ६०५ मेगाहर्ट्झ विनापरवाना वापरता येतात, त्यामुळे जागेची चणचण नाही. चॅनेलची रुंदी मात्र २० मेगाहर्ट्झ. डबा उघडल्यावर पॉइंट ८० वर असतो आणि वेगाच्या चाचणीत आकडा मोठा दिसतो म्हणून कोणी तो बदलत नाही. एका स्कॅनला काही किलोबाइट लागतात, त्याला ८० मेगाहर्ट्झ देणं म्हणजे सायकलसाठी चार लेन अडवणं. २० वर ठेवलं की ३६, ४०, ४४, ४८ आणि १४९, १५३, १५७, १६१ अशी आठ चॅनेल मिळतात. तुमचे पॉइंटही आठच. प्रत्येकाला स्वतःचं चॅनेल, आणि शेजारशेजारच्या गल्ल्यांना एक खालच्या गटातलं, एक वरच्या गटातलं.

५२ ते १४४ ही मधली चॅनेल मी गोदामात टाळतो. तिथे रडारला प्राधान्य आहे. पॉइंटला आधी किमान मिनिटभर ऐकावं लागतं आणि रडारसारखी चाहूल लागली की चॅनेल तत्काळ सोडावं लागतं. खोटी चाहूलही लागते. शिवाय या चॅनेलवर स्कॅनर आपणहून विचारपूस करू शकत नाही, हाळीची वाट बघत थांबतो, म्हणून पॉइंट बदलायला त्याला जास्त वेळ लागतो. स्कॅनरच्या सेटिंगमध्येही 'फक्त ५ गिगाहर्ट्झ' आणि वर सांगितलेली आठच चॅनेल असं बांधून टाका. शोधायची घरं कमी झाली की तो जवळचा पॉइंट लवकर शोधून काढतो. २.४ फक्त डॉक आणि ऑफिसच्या पॉइंटवर चालू राहू दे. लेबल प्रिंटर शक्यतो केबलवर घ्या, तो जागचा हलत नाही.

८०२.११ के, व्ही आणि आर या तीन सोयी पॉइंट बदलणं जलद करतात. के आणि व्ही चालू ठेवा. आर बद्दल सावध राहा, कारण काही जुने स्कॅनर आर चालू असलेल्या नावाला जोडलेच जात नाहीत. वेगळं चाचणीचं नाव बनवून तुमच्या ताफ्यातला प्रत्येक मॉडेल एकेक दिवस त्यावर चालवा, मगच मुख्य नावावर चालू करा. ६ गिगाहर्ट्झसाठी मात्र आत्ता जादा पैसे घालू नका. तुमचा स्कॅनर तो पट्टा ऐकत नसेल तर त्या खर्चाचा गोदामाला उपयोग शून्य.

बिनतारी जाळ्याचं खरं आयुष्य तारेवर ठरतं, म्हणून केबलबद्दल जरा विस्ताराने. बाजारात 'कॅट ६' छापलेली स्वस्त केबल बरेचदा सीसीए असते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ओळखायची रीत सोपी आहे. एक तार सोलून ब्लेडने हलकेच खरवडा. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला तर खोकं परत करा. तांबं आतपर्यंत लालच असतं. ३०५ मीटरचं खोकं उचलतानाही सीसीएचं हलकेपण हाताला कळतं, आणि तार दोन-चार वेळा वाकवली की तुटते. सीसीएचा विद्युत विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. पॉइंटला वीज याच तारेतून जाते, त्यामुळे लांब ओढीत दाब पडतो. मग पॉइंट सकाळी चालतो आणि भर कामात, रेडिओ पूर्ण ताकदीने चालायला लागले की बंद होऊन पुन्हा सुरू होतो. १०० मीटरची मर्यादा पॅच कॉर्डसह आहे, आणि मोजताना भिंतीवरचा चढ-उतार धरायचा. तुमच्या ५२ मीटरच्या गोदामात स्विचचं कपाट एका कोपऱ्यात असेल तर सर्वांत लांबची ओढ सहज ८५-९० मीटरवर जाते.

केबल टाकणारा माणूस हिरव्या दिव्यांचा छोटा टेस्टर लावून 'ओके' म्हणेल. तो फक्त तार सलग आहे एवढं सांगतो. स्विचच्या पानावर प्रत्येक पोर्टचा वेग बघा. १००० ऐवजी १०० दिसला तर आठ तारांपैकी एखादी नीट बसलेली नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच, म्हणून चालतं पण लंगडत. तो जोड कापून नव्याने पंच करायचा. संपूर्ण कामाचा प्रमाणन-यंत्राचा अहवाल मागा आणि तो ऑर्डरमध्येच लिहा, नंतर कोणी देत नाही.

स्विच घेताना पोर्टच्या संख्येसोबत एकूण वीज बघा. केबलमधून वीज देणाऱ्या स्विचचे दोन प्रकार बघा: ८०२.३एएफ पोर्टमागे १५.४ वॅट देतो, ८०२.३एटी ३० वॅट. आठ पॉइंट प्रत्येकी १५ वॅट धरले तर १२० वॅट लागतात. आठ पोर्टचा ६५ वॅटचा स्विच स्वस्त मिळतो आणि पाचवा पॉइंट लावेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. स्विच, फायबरचा डबा, फायरवॉल धरून भार १७५ वॅटच्या आसपास. १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, ३६ व्होल्ट ७ अँपिअर-अवर बॅटरी, नव्या असताना पाऊण तास काढेल. पावसाळ्यात लाइट गेली की जनरेटर चालू होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटासाठी खरं तर तो हवा असतो, कारण आठही पॉइंट पुन्हा उठायला तीन-चार मिनिटं घेतात आणि तेवढ्यात बाराही स्कॅनर लॉगिनवर आलेले असतात.

पावसाबद्दल एक गैरसमज पक्का रुजलाय, की पावसाने वायफाय पडतं. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना गोदामाच्या अंतरावर पावसाचा काहीही त्रास होत नाही. पडतं ते जोडात पाणी शिरल्यामुळे. डॉकच्या शेडबाहेर लावलेल्या डब्याला केबल वरून आत घेतली असेल तर पाणी केबलवरून ओघळत सरळ कनेक्टरात उतरतं. केबल नेहमी खालून, रबरी ग्लँडमधून आत घ्या आणि डब्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. रबाळे-महापे पट्ट्यात एका बाजूला ठाणे खाडीची खारट दमट हवा आणि दुसरीकडे कारखान्यांची वाफ, त्यामुळे उघड्या जोडावर एकाच पावसाळ्यात हिरवट बुरशीसारखा गंज चढतो. दरवर्षी मे संपायच्या आत बाहेरचे जोड उघडून बघायचे. शेजारच्या गाळ्यातही तुमचं काही असेल तर दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ओढू नका. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असतं, जवळ वीज पडली की दोन्ही टोकांचे स्विच एकदम जातात. तिथे फायबरच.

आता फायबर काढून ५जी घ्यायचा प्रश्न. काढू नका. बारा स्कॅनर मिळून १ एमबीपीएससुद्धा वापरत नाहीत, त्यामुळे वेगाचा मुद्दाच नाही, सातत्याचा आहे. सिमवर मिळणारा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. बाहेरून तुमच्या सर्व्हरकडे किंवा कॅमेऱ्याकडे थेट येणारी जोडणी त्यावर चालत नाही, आतून बाहेर निघणारा व्हीपीएन चालतो. पण राखीव मार्ग म्हणून सिम उत्तमच. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं फायबर घेतलं तरी ते अनेकदा एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून येतं, आणि रस्त्याच्या खोदकामात दोन्ही एका फटक्यात जातात. दुसरा मार्ग हवेतून आलेला बरा.

फक्त सिमचा राउटर सर्व्हरच्या कपाटात ठेवू नका. पत्र्याच्या पेटीत ३.३ गिगाहर्ट्झचा ५जी पोचत नाही. बाहेर छपराखाली भिंतीवर लावायचं यंत्र मिळतं, ते टॉवरच्या दिशेला लावून केबलने आत आणा. आणखी एक बारकावा. ४जी चा आपल्याकडे भरपूर वापरला जाणारा पट्टा ४० हा २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ आहे आणि वायफायचा २.४ तिथूनच, २४०० पासून, सुरू होतो. सिमचा राउटर आणि २.४ चा पॉइंट हातभर अंतरावर ठेवले की दोघंही एकमेकांच्या कानात ओरडतात, आणि पहिला फटका चॅनेल १ ला बसतो. तीन-चार मीटर अंतर ठेवा आणि जवळच्या पॉइंटला ११ द्या.

मार्ग बदलण्याची अट 'केबलचा दिवा गेला' अशी ठेवू नका. फायबरचा डबा चालू असतो, दिवा हिरवा असतो आणि पुढे कुठेतरी लाइन तुटलेली असते. बाहेरच्या दोन वेगळ्या पत्त्यांना दर पाच सेकंदांनी पिंग (उत्तर येतं का हे बघणारा छोटा संदेश), सलग तीन चुकले तर सिमवर जायचं आणि पाच मिनिटं स्थिर दिसल्यावरच परत यायचं. सिमवर असताना कॅमेरे क्लाउडला काही पाठवणार नाहीत असा नियम टाका. १६ कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएस म्हणजे ३२ एमबीपीएस, आणि मग ई-वे बिलाचं पान उघडत नाही.

बूस्टर अजिबात नाही. मोबाइलचा सिग्नल वाढवणारे रिपीटर बसवण्याचा अधिकार परवानाधारक मोबाइल कंपन्यांनाच आहे. दुकानातून आणून परस्पर लावणं बेकायदा आहे, 'सगळेच लावतात' म्हणून ते कायदेशीर होत नाही. तांत्रिक कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. असा डबा बाहेरच्या आणि आतल्या अँटेनात अंतर कमी पडलं की स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा मोठा करत बसतो आणि टॉवरच्या दिशेने गोंगाट फेकतो. आसपासच्या शंभर माणसांचे फोन लागत नाहीत, त्यात कोणाचा तरी रुग्णवाहिकेसाठीचा फोन असू शकतो.

ऑफिससाठी उपाय तुमच्या खिशात आहे: वायफायवरून कॉल. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय सुरू केली. नेहमीचाच नंबर, नेहमीचाच डायलर, फक्त फोनच्या सेटिंगमध्ये चालू करायची. लागत नसेल तर फायरवॉल बघा. फोन कंपनीपर्यंत यूडीपी ५०० आणि ४५०० या पोर्टवरून बंद बोगदा तयार करतो. ऑफिसात 'व्हीपीएन बंद' असा सरसकट नियम असेल तर तो बोगदाही अडतो आणि लोकांना वाटतं आपल्या फोनमध्येच सोय नाही. ती दोन पोर्ट बाहेर जाण्यासाठी मोकळी करा, पॉइंटवर डब्ल्यूएमएम चालू ठेवा म्हणजे आवाजाची पाकिटं आधी जातील. जिन्यात कॉल तुटत असेल तर तिथे वायफाय संपतंय पण मोबाइलची रेंज अजून सुरू झालेली नाही. ऑफिसच्या दोनपैकी एक पॉइंट जिन्याकडे सरकवा.

सुरक्षेचं थोडक्यात. स्कॅनरचं वेगळं व्हीलॅन (त्याच तारांवर बनवलेलं स्वतंत्र नेटवर्क), तिथून फक्त ॲपच्या सर्व्हरकडे वाट. पासवर्ड लांब, आणि तो कोणाला तोंडी न सांगता उपकरण-व्यवस्थापनातून थेट स्कॅनरमध्ये टाकायचा. ऑफिसला प्रत्येकाच्या स्वतंत्र लॉगिनची पद्धत, म्हणजे नोकरी सोडलेल्या माणसाचं एकट्याचं दार बंद करता येतं. डॉकवर थांबलेल्या ड्रायव्हरना वायफाय द्यायचं असेल तर जरूर द्या, त्यांना तासन्‌तास थांबावं लागतं. पण ते मोबाइलवरच्या ओटीपीने, एकमेकांना न दिसणारं आणि गोदामाच्या नेटवर्कपासून पूर्ण वेगळं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत, फायरवॉल घेताना तेवढी साठवण आहे का बघा.

काम झाल्यावर पैसे देण्याआधीची चाचणी रॅक भरलेले असताना करा. रिकाम्या गोदामात सगळंच छान चालतं. स्कॅनर हातात छातीशी धरून, पाठ पॉइंटकडे करून चाला, कारण काम करणारा तसाच उभा असतो. स्कॅनरवर दोन पिंग एकदम चालू ठेवा, एक मुख्य राउटरला, एक बाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला. पहिला अडखळला तर दोष वायफायचा. पहिला नीट आणि दुसरा अडखळला तर बाहेरच्या लाइनचा. दोन्ही नीट आणि तरी ॲप थांबलं तर सर्व्हरवाल्याला बोलवा, वायफायवाल्याला नाही. गल्ली बदलताना एखादं पिंग चुकणं चालेल, सलग तीन चुकले तर नाही. मग फायबर उपटून बघा, यूपीएसचा प्लग काढून बघा, आणि शिफ्ट चालू असताना बघा.

आणि जाळ्याचं नियंत्रण करणारं खातं कंत्राटदाराच्या ई-मेलवर नको, कंपनीच्या ई-मेलवर उघडून घ्या. आठही पॉइंटचे क्रमांक, जागा, चॅनेल आणि स्विचचा कुठला पोर्ट कुणाला जातो, हे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.